निवृत्तीनंतर जुना ट्रक उभा करायचाय? आधी वही काढा



आपल्या चॅनलवर बहुतेक वेळा धंदा सुरू कसा करायचा यावर बोलणं होतं. आज धंदा किंवा नोकरी संपल्यानंतरचा एक विषय घेतोय. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न असतो. दारात किंवा वाडीत जुना ट्रक उभा आहे. कोणाच्या वडिलांचा, कोणाचा स्वतःचा. थळचा खत कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये. त्या काळात कामाला लागलेली किंवा ट्रक धंद्यात पडलेली पिढी आता घरी बसली आहे. फंड हातात आहे, वेळ आहे, आणि तो ट्रक भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही.

तर ठेवा. दुरुस्तही करा. पण पहिला पाना फिरवायच्या आधी दोन गोष्टी मान्य करा. एक, हा ट्रक तुम्हाला कमवून देणार नाही. दोन, आपल्या किनाऱ्यावर ट्रक दुरुस्त करणं हे अर्धंच काम आहे. केलेलं काम खारी हवा दोन-तीन पावसाळ्यांत परत खायला लागते. म्हणजे हा खर्च एकदाचा नाही, दरवर्षीचा आहे. फंडाचे पैसे इथेच बुडतात. लोक दुरुस्तीचं बजेट करतात, राखण्याचं करत नाहीत.

आधी कागद

इंजिन चालू होतं का, हे आपण सगळ्यात आधी बघतो. चूक क्रम आहे. आधी पुस्तक शोधा, म्हणजे आरसी बुक. पुस्तक फार जुनं असेल तर त्यावर जिल्हा ‘कुलाबा’ दिसेल, कारण रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. नंबर जुन्या पद्धतीचा असेल. अशा गाडीची नोंद संगणकावर चढली आहे का, हे पेणच्या आरटीओत विचारा. नसेल तर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. मग चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी ताडून बघा. धंद्यातल्या ट्रकचं इंजिन आयुष्यात एकदा तरी बदललेलं असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्याची नोंद पुस्तकात झालेलीच असेल असं नाही.

आता ‘व्हिंटेज’ या शब्दाबद्दल. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत यासाठी वेगळी तरतूद केली. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,००० रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, आणि डिझेल-पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच. भाड्याने देता येत नाही.

हे ऐकून खूश होऊ नका. हे नियम दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत. मालवाहू म्हणून नोंदलेला तुमचा ट्रक त्यात आपोआप बसत नाही. शिवाय ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हा प्रश्न ट्रकच्या बाबतीत अवघड आहे. त्या काळात कंपनी चासी आणि पुढचा दर्शनी भाग एवढंच द्यायची. केबिन आणि हौदा मालक बाहेरून बॉडी बिल्डरकडून बांधून घ्यायचा. त्यामुळे एकाच वर्षाचे, एकाच कंपनीचे दोन ट्रक एकसारखे नसायचे. आता यातलं मूळ कोणतं?

म्हणून गॅरेजला फोन करण्याआधी आरटीओला लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. एजंटच्या तोंडी ‘होऊन जाईल साहेब’वर दोन लाख घालू नका.

व्हिंटेजमध्ये बसलं नाही तर रस्ता दोनच प्रकारचा. गाडी मालवाहू म्हणूनच चालू ठेवायची असेल तर दरवर्षी फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी, कर आणि तुमचं स्वतःचं हेवी लायसन्स. १५ वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपयांवर नेली होती. भरण्याआधी चालू दर विचारून घ्या, कारण जुन्या गाड्यांचे दर वाढतच चाललेत. दुसरा रस्ता म्हणजे गाडी स्वतःच्या वाडीतच ठेवायची. तसं असेल तर ‘गाडी वापरात नाही’ असं आरटीओला आधीच लेखी कळवा. त्याला तिथे नॉन-यूज म्हणतात. दहा वर्षं ट्रक हललाच नाही, म्हणून कर लागलाच नसेल असं समजणाऱ्यांना थकबाकीचा आकडा बघून घाम फुटतो. ट्रक उभा होता हे तुम्हाला माहीत असतं, आरटीओच्या रजिस्टरला नाही.

माझं मत विचाराल तर बहुतेकांसाठी दुसरा रस्ता बरा. चालू इंजिन, स्वच्छ गाडी, वाडीतल्या वाडीत फिरणारी. छंदाला तेवढं पुरतं.

मग पैसे

ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या उदाहरणाला. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के झाला आणि मर्यादा ३० लाख. ३० लाख ठेवले तर वर्षाला २,४६,००० रुपये, म्हणजे तिमाहीला ६१,५००. आता उलटं बघा. त्या मुद्दलातला एक लाख ट्रकमध्ये गेला की वर्षाचे ८,२०० रुपये गेले. पाच लाख गेले की ४१,०००. हे तुमच्या औषधांचे किंवा लाईटबिलाचे पैसे आहेत. ट्रक परत विकून ते मिळतील या भरवशावर राहू नका. जुन्या मोटारगाडीला शौकीन गिऱ्हाईक असतं, जुन्या ट्रकला मुख्यतः भंगाराचा भाव असतो.

म्हणून माझा नियम कडक आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून घर चालून जे उरेल त्यातलाच भाग ट्रकला. काम दोन वर्षांत न होता पाच वर्षांत झालं तरी चालेल, कोणी भाडं घेऊन थांबलेलं नाही. वही वेगळी ठेवा आणि तिच्यात तीन रकाने करा: एकदाचं काम, दरवर्षीचं काम, आणि कागद. दुसरा रकाना आधी भरा. तो दर वर्षी झेपत नसेल तर पहिल्यातलं काहीच सुरू करू नका. आणि ही वही घरात बायकोला दाखवा. पार्टनरला न दाखवलेला हिशोब धंद्यातही टिकत नाही.

‘सर, रिसॉर्टवाल्यांना, शूटिंगला भाड्याने देऊ?’ अलिबागजवळ हे डोक्यात येणारच. पण तसं केलंत की तो छंद राहत नाही. कागद धंद्याचे लागतील, आणि गाडी कधी येते-जाते याची जबाबदारी तुमच्यावर. साठीनंतर पुन्हा ट्रान्सपोर्टचा धंदा करायचा असेल तर त्यावर वेगळं बोलू.

आपण नक्की काय राखतोय

बऱ्याच वाड्यांमधला जुना ट्रक टाटाचा निघतो. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. १९६९ मध्ये करार संपला, तोंडावरचा तारा गेला आणि ‘टी’ आला. पण ड्रायव्हर लोक पुढे कित्येक वर्षं त्याला बेंझच म्हणत राहिले. इंजिनाच्या नावातच त्याची ओळख असते. ६९२ म्हणजे ६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे ९७ मिलिमीटर. पहिलं साधारण पावणेपाच लिटरचं, दुसरं पावणेसहाच्या आसपास. लेथवाल्याकडे बोअर करायला जाल तेव्हा हे माहीत असलेलं बरं, म्हणजे चुकीचे पिस्टन घेऊन घरी येणार नाही. लेलँड असेल, किंवा कुर्ल्याच्या प्रीमियरचा डॉज-फार्गो असेल, तर सुट्या भागांचा शोध जास्त लांबतो. कळंबोलीपासून सुरुवात करा, नाही जमलं तर कुर्ल्याचा भंगार बाजार.

खारी हवा

मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढतं. तेच चासीवर होतं. समुद्रावरून आलेला मिठाचा थर ओला होतो आणि पत्र्याला दिवसरात्र खातो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून चालू आहे, तिच्या इमारतीत लोखंड मुद्दाम टाळलं. कारण वेगळं होतं, पण आपल्याला ती सोय नाही. आपली वस्तूच चार-पाच टन लोखंडाची.

तर रंगाआधी गोड्या पाण्याने धुणं. खरडून, धुवून, उन्हात पूर्ण सुकवून मगच रेड ऑक्साइड. मिठावर मारलेला रंग वरून छान दिसतो आणि आतून फुगतो. जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात, रिव्हेट असतात, पाट्यांच्या मध्ये फट असते, तिथे गंज आधी बसतो. टोकदार हातोडीने चासी ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर पत्रा आतून गेलाय.

आपल्याकडे चासीला जळकं ऑईल फासायची पद्धत आहे. गंज थोडा थांबतो, पण रबरी बुश फुगतात आणि ऑईल ठिबकून वाडीत, शेवटी विहिरीत जातं. मेणाचं अंडरबॉडी कोटिंग मिळतं, ते मारा. आणि प्लॅस्टिकची ताडपत्री ट्रकला घट्ट गुंडाळू नका. आत वाफ धरते. वर पत्रा, बाजू मोकळ्या, अशी शेड हवी. पत्रा मात्र नीट बांधा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ विसरला नसालच, आणि शेडवर कोणतं झाड झुकलंय तेही बघा.

लाकडी हौद्यासाठी लांब जायची गरज नाही. होडी बांधणारा सुतार आपल्या बंदरावर आहे. लाकूड खाऱ्या हवेत कसं वागतं हे त्याला कुठल्याही बॉडी बिल्डरपेक्षा जास्त कळतं. फायबरच्या होड्या आल्यापासून त्याचं काम कमी झालंय. त्याला नीट पैसे द्या. इंजिनासाठीही बंदरावर विचारा. मच्छीमार बोटींत लेलँडची डिझेल इंजिनं असतात, त्यामुळे नोझल, पंप, लायनर यांच्यावर हात बसलेला मिस्त्री जेट्टीवर भेटतो. हौसेपोटी त्याला मासेमारीच्या मोसमात बोलावू नका, तेव्हा तो तुमच्यासाठी रिकामा नसतो.

वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन थेट सेल्फ मारून फिरवायचं नाही. टाकीतलं जुनं डिझेल काढा, फिल्टर आणि ऑईल बदला, नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडून चार दिवस थांबा, मग हाताने फिरवून बघा. आणि चालू करण्याआधी ब्रेक. चालणारी पण न थांबणारी गाडी वाडीतही नको.

इथे जरा थांबा

तुम्ही साठीचे आहात आणि ही गाडी तुमच्यापेक्षा पन्नासपट वजनाची आहे. जॅकवर विश्वास ठेवून खाली जायचं नाही. स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावल्याशिवाय नाहीच. जुन्या चाकांना लॉक रिंग असते. गंजलेली रिंग हवा भरताना सुटली तर तोफेसारखी उडते आणि माणूस मरतो. टायरचं काम घरी करू नका, पंक्चरवाल्याकडेच न्या, आणि तो चाकाला साखळी बांधून, बाजूला उभा राहून हवा भरतो का ते बघा. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

राखण्याचं वेळापत्रक मात्र नाखव्याकडून घ्या. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधी होड्या वर ओढून शाकारतात. तुमचंही तसंच. खरडणं, धुणं, रंग हे सगळं एप्रिल-मेच्या उन्हात. मेच्या शेवटी डिझेलची टाकी गच्च भरा, कारण अर्ध्या टाकीत पाणी धरतं. बॅटरी काढून घरात ठेवा. एक्सलखाली ठोकळे देऊन टायरवरचा भार काढा. सगळीकडे ग्रीस मारा, सायलेन्सरचं तोंड बंद करा म्हणजे उंदीर आणि पाणी आत जाणार नाही. पावसाळ्यात मधूनमधून पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची सवय सोडा. इंजिन पुरतं तापत नाही आणि आत दव साठतं. एक तर चांगलं तापेपर्यंत चालवा, नाही तर हात लावू नका.

नारळी पौर्णिमेनंतर चांगली उघडीप मिळाली की ठोकळे काढा, गोड्या पाण्याने खालून धुवा आणि हातोडी घेऊन चासी पुन्हा ठोका. कुठे बद्द आवाज आला ते वहीत लिहा, जागेसकट आणि तारखेसकट. पुढच्या एप्रिलचं काम तिथूनच निघतं. तीन रकान्यांच्या वहीचा नमुना पुढच्या व्हिडिओत फळ्यावर काढून दाखवतो, तोवर आरटीओचा अर्ज लिहून ठेवा.