पश्चिम रेल्वे, पण अर्जेंटिनाची!

बाबांची सगळी नोकरी बडोद्यात, पश्चिम रेल्वेत. त्यामुळे ‘फेरो कारिल ओएस्ते’ म्हणजे ‘पश्चिम रेल्वे’च, हे कळलं आणि मी मेस्सीला सोडून या क्लबच्या मागे लागलो.

१९०४ साली ब्युनॉस आयर्समध्ये ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या ९५ कर्मचाऱ्यांनी तो काढला. मालक कुणी शेठ नाही, सभासदच. १९८२ मध्ये एकही सामना न हरता ते राष्ट्रीय विजेते झाले. १९८४ च्या अंतिम फेरीत तर बलाढ्य रिव्हर प्लेटला त्यांच्याच मैदानावर ३-० हरवलं. प्रशिक्षक कार्लोस ग्रिगोल खेळाडूंना बजावायचे, आधी घर घ्या, मग गाडी. (अगदी आमच्या आईसारखं!)

२००० साली मात्र क्लब पहिल्या विभागातून घसरला, पुढच्याच वर्षी थेट तिसऱ्यात. २००२ मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली, कारभार कोर्टाच्या माणसांकडे गेला. आपल्याकडे त्या जागेवर टॉवर उभे राहिले असते, असं मला वाटतं. तिथे २०१४ मध्ये दिवाळखोरी उठली आणि क्लब पुन्हा सभासदांच्या हाती आला.

आता फेरो दुसऱ्या विभागात खेळतो. सामन्यासाठी मी रात्रभर जागतो. सकाळी बाबा चहा पिता पिता विचारतात, “काय रे, गाडी अजून लेटच?”