ॲजाइल पद्धतीच्या अध्यापनात खेळ व अभिरूपतेचे स्थान

प्रस्तावना

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र आले व त्यांनी ‘ॲजाइल जाहीरनामा’ सिद्ध केला. त्यात ४ मूल्ये असून त्यांच्या जोडीला १२ तत्त्वे आहेत. प्रक्रिया व साधने यांपेक्षा व्यक्ती व त्यांचा परस्परसंवाद, तसेच आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद, यांना तेथे अधिक महत्त्व दिले आहे. आपले विद्यार्थी ही मूल्ये उत्तरपत्रिकेत अचूक लिहितात. मात्र अंतिम वर्षाच्या गटप्रकल्पात अनेकदा एक जण प्रोग्रॅम लिहितो, दुसरा अहवाल तयार करतो, उरलेले स्वाक्षरी करतात आणि सर्व भाग परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रथमच जोडले जातात. ज्ञान व आचरण यांतील हे अंतर व्याख्यानाने भरून निघत नाही. ते कमी करण्यासाठी खेळांचा उपयोग कसा होतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खेळाद्वारे व्यवस्थापन शिकविण्याची परंपरा ॲजाइलपेक्षा जुनी आहे. एमआयटी येथे १९६० च्या सुमारास विकसित झालेल्या ‘बिअर गेम’मध्ये प्रत्येक खेळाडू आपापल्या जागी शहाणपणाने वागतो, तरीही संपूर्ण पुरवठा-साखळी डळमळते. दोष व्यक्तीत नसून रचनेत असू शकतो, हे अशा खेळातून अनुभवास येते.

नाण्यांचा खेळ

या खेळास २० नाणी व ५ विद्यार्थी पुरतात. चौघे ‘कामगार’ व एक ‘ग्राहक’. प्रत्येक कामगाराने प्रत्येक नाणे एकदा उलटून पुढे द्यावयाचे असते. एक नाणे उलटण्यास एक सेकंद लागतो, असे गृहीत धरू.

पहिल्या फेरीत २० नाण्यांचा संपूर्ण गठ्ठा पूर्ण झाल्यावरच पुढे सरकतो. ग्राहकाच्या हाती पहिले नाणे ८० व्या सेकंदाला पडते व कामही तेव्हाच संपते. दुसऱ्या फेरीत ५ नाण्यांचे गठ्ठे केल्यास पहिला गठ्ठा २० व्या सेकंदाला पोहोचतो व काम ३५ व्या सेकंदाला संपते. तिसऱ्या फेरीत एकेक नाणे पुढे दिल्यास पहिले नाणे चौथ्या सेकंदाला मिळते आणि संपूर्ण काम २३ सेकंदांत होते. तिन्ही फेऱ्यांत प्रत्येक कामगाराचे स्वतःचे श्रम मात्र २० सेकंदांचेच राहतात. कोणीही अधिक वेगाने काम केलेले नाही. केवळ वाट पाहण्याचा काळ घटला आहे.

यानंतर शिक्षकाने ग्राहकाकरवी पहिले नाणे पाहताच मागणी बदलावी. मोठ्या गठ्ठ्याच्या फेरीत तोवर नाणी उलटण्याच्या ८० क्रिया झालेल्या असतात व त्या सर्व वाया जातात. एकेका नाण्याच्या फेरीत तोवर ४ नाण्यांवर मिळून केवळ १० क्रिया झालेल्या असतात. बदलाला प्रतिसाद द्यावयाचा, तर काम लहान तुकड्यांत का द्यावे, याचे उत्तर विद्यार्थी येथे स्वतः मोजून काढतो.

अंदाजाचे पत्ते

जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडलेली ‘प्लॅनिंग पोकर’ ही रीत माइक कोन यांच्या लेखनामुळे सर्वत्र परिचित झाली. कामाच्या आकाराचा अंदाज करताना प्रत्येक सदस्य १, २, ३, ५, ८, १३ अशा आकड्यांपैकी एक पत्ता पालथा ठेवतो व सर्व पत्ते एकाच वेळी उघडले जातात. सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंदाज देणारे आपली कारणे सांगतात आणि मग पुन्हा पत्ते टाकले जातात.

आपल्या वर्गांच्या दृष्टीने या रीतीचे मोल विशेष आहे. गटातील हुशार गणला जाणारा विद्यार्थी प्रथम बोलला की इतरांची मान डोलते. पत्ता पालथा असल्याने मागच्या बाकावरील विद्यार्थ्यासही स्वतःचा विचार करावाच लागतो. एकाने ३ व दुसऱ्याने १३ म्हटले, तर बहुधा दोघांनी एकाच कामाचा निराळा अर्थ घेतलेला असतो. तो गैरसमज प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी उघड होणे, हा या रीतीचा खरा लाभ होय.

चर्चेचे महत्त्व व मर्यादा

खेळानंतर चर्चा झाली नाही, तर हाती केवळ करमणूक उरते. काय घडले, ते का घडले आणि आपल्या प्रकल्पात यासारखे काय आहे, हे तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारले जावेत. ४८ मिनिटांच्या तासिकेत खेळासाठी २० मिनिटे ठेवून उर्वरित वेळातील मोठा भाग चर्चेस द्यावा. खेळातील जय-पराजयावर गुण देऊ नयेत. अन्यथा विद्यार्थी नियम समजून घेण्याऐवजी पळवाटा शोधू लागतात.

काही मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. सर्व नाणी सारखी असतात. सॉफ्टवेअरमधील कामे तशी नसतात. एक भाग दुसऱ्यावर अवलंबून असतो व जुन्या प्रोग्रॅममधील दोष नव्या कामात अडथळा आणतात. शिवाय प्रत्यक्षात लहान तुकडा पुढे देण्याचाही खर्च असतो, कारण प्रत्येक वेळी चाचणी व जोडणी करावी लागते. ही तफावत शिक्षकाने लपवू नये. तिच्यावरच पुढील तासिकेचा पाठ उभारता येतो.

समारोप

खेळ हा प्रोग्रॅमिंगच्या सरावास पर्याय नाही. त्यातून सुचलेला बदल प्रकल्पात उतरला, तरच त्याचे सार्थक होते. यासाठी विभागांनी गटप्रकल्पाचे वेळापत्रक बदलण्याची तयारी ठेवणे अगत्याचे आहे. वर्षाअखेरीच्या एकाच सादरीकरणाऐवजी दर पंधरवड्याला चालणारा लहानसा भाग पाहावा व प्रत्येक सदस्यास त्यावर प्रश्न विचारावेत. वर्गात लहान गठ्ठ्यांचे तत्त्व शिकवून मूल्यमापन मात्र एकाच मोठ्या गठ्ठ्याने केले, तर विद्यार्थी मूल्यमापनाचाच धडा गिरवतील.