न्यूयॉर्कचं शहर-ओळखपत्र आणि बँकेचं खातं

न्यूयॉर्क शहर जानेवारी २०१५ पासून आपल्या रहिवाशांना स्वतःचं ओळखपत्र देतं. नाव ‘आयडीएनवायसी’. त्यावर फोटो, नाव, जन्मतारीख, पत्ता, सही आणि मुदत संपण्याची तारीख असते. फी नाही. तुम्ही कुठले नागरिक, व्हिसा कोणता, हे अर्जात विचारत नाहीत. ज्यांच्याकडे दुसरं काहीच ओळखपत्र नाही त्यांना बँकेत खातं उघडता यावं, हा शहराचा एक मोठा हेतू होता. आणि नेमक्या याच बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज पसरले.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज असा: ‘दहशतवादविरोधी कायद्यामुळे बँकांना असं कार्ड घेताच येत नाही.’ हा कायदा म्हणजे २००१ चा ‘पॅट्रियट अ‍ॅक्ट’. त्याच्या कलम ३२६ वरून २००३ मध्ये बँकांसाठी नियम झाले. खातं उघडताना बँकेने चार गोष्टी घ्यायच्या: नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळख क्रमांक. मग माणूस तोच आहे याची खात्री करून घ्यायची. कागदपत्रावरून खात्री करायची असेल, तर ते सरकारी, मुदतीतलं, फोटो असलेलं आणि नागरिकत्व किंवा वास्तव्य दाखवणारं हवं. ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्ट ही नावं नियमात आहेत, पण उदाहरणादाखल. तेवढीच दोन चालतील असं कुठेही लिहिलेलं नाही. सरकार म्हणजे फक्त केंद्र किंवा राज्य, असंही नाही. शहराने याबाबत विचारणा केली, तेव्हा केंद्रीय वित्तीय नियामकांनी एप्रिल २०१५ मध्ये लेखी कळवलं की ओळख पटवण्यासाठी बँका हे कार्ड घेऊ शकतात.

भारतातून गेलेल्या माणसाला हे पटकन पटत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची ठरलेली यादी असते: पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉब कार्ड वगैरे. महानगरपालिकेने उद्या ओळखपत्र काढलं, तर केवायसीला ते चालणार नाही. अमेरिकेत अशी बंद यादी नाही. तिथे निकष दिलेले आहेत आणि त्यात काय बसतं ते ठरवणं बँकेवर सोडलेलं आहे.

आता याच्या उलट टोकाचा गैरसमज: ‘नियामकांनी परवानगी दिली म्हणजे प्रत्येक बँकेला घ्यावंच लागेल.’ तसं नाही. परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. अनेक मोठ्या बँकांनी मुख्य पुरावा म्हणून हे कार्ड घ्यायला नकार दिला. काहींनी दुसरा, जोडीचा पुरावा म्हणून घेतलं. सुरुवातीपासून कार्ड स्वीकारणाऱ्यांत अमाल्गमेटेड बँक, कार्व्हर फेडरल सेव्हिंग्ज बँक आणि लोअर ईस्ट साइड पीपल्ससारख्या क्रेडिट युनियन (सभासदांच्या सहकारी पतसंस्था) होत्या, म्हणजे तुलनेने लहान संस्था. मोठ्या बँकांना तपासणीत ठपका बसण्याची आणि दंडाची धास्ती असते, हे समजू शकतं. पण काउंटरवर ‘हे कायद्यात बसत नाही’ असं सांगितलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. खरं उत्तर ‘आमच्या बँकेचं तसं धोरण नाही’ हे आहे. पहिलं ऐकणारा हात हलवत घरी जातो. दुसरं ऐकणारा निदान पुढच्या बँकेत विचारायला जातो.

त्या नकाराची किंमत कोण भरतं तेही पाहा. खातं नसलं की पगाराचा चेक वटवायला चेक कॅशिंगच्या दुकानात जावं लागतं. न्यूयॉर्क राज्यात तिथल्या आकारणीला मर्यादा आहे, साधारण २.२ टक्के. आठवड्याला ६०० डॉलर कमावणाऱ्या स्वयंपाक्याचे किंवा सफाई कामगाराचे दर चेकमागे १३ डॉलर जातात, म्हणजे वर्षाला पावणेसातशेच्या घरात. शिवाय रोकड घरात किंवा खिशात, आणि चोरांना ते ठाऊक. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनने २००७ मध्ये अमेरिकेतलं पहिलं शहर-ओळखपत्र काढलं, त्यामागे हेच एक मोठं कारण होतं: खातं नसलेल्या स्थलांतरितांना रस्त्यात गाठून लुटलं जात होतं.

‘कार्ड मिळालं म्हणजे खातं झालं’, असंही काहींना वाटतं. कार्डाने ओळख आणि पत्ता दाखवता येतो. नियमातल्या ओळख क्रमांकाचा प्रश्न वेगळा राहतो. तिथेही एक गैरसमज आहेच, की सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर खातं नाहीच. नवऱ्यासोबत एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर गेलेल्या आपल्याकडच्या अनेक जणींना हा अनुभव येतो. काम करण्याची परवानगी नाही म्हणून नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणून सगळं नवऱ्याच्या नावावर. नियम मात्र असा, की अमेरिकेचा नागरिक नसलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट क्रमांक किंवा करखात्याकडून मिळणारा ‘आयटिन’ही बँक घेऊ शकते. भारतीय पासपोर्ट आणि सोबत न्यूयॉर्कचा पत्ता दाखवणारं हे कार्ड, ही जोडी त्यामुळे उपयोगाची. पत्त्याचं लाइट बिल नवऱ्याच्या नावावर असतं, तेव्हा तर फारच.

कार्ड कोणालाही सहज मिळतं, हेही खरं नाही. अर्जासाठी कागदपत्रांचे किमान चार गुण भरावे लागतात, तीन ओळखीचे आणि एक वास्तव्याचा. निवाऱ्यात राहणाऱ्या बेघरांसाठी तिथलं पत्र चालतं. कौटुंबिक हिंसाचारातून सुटलेल्या व्यक्तीला कार्डावर पत्ता न छापण्याची सोय आहे. ही तरतूद ज्याने केली त्याने फार नीट विचार केला होता, असं मला वाटतं.

माहिती दुसऱ्या सरकारी खात्याच्या हाती लागेल ही भीती मात्र निव्वळ गैरसमज म्हणून झटकता येणार नाही. सुरुवातीला शहर अर्जदारांची कागदपत्रं साठवत असे. ती नष्ट करायचं शहराने ठरवलं, तेव्हा तसं करू नये म्हणून राज्याच्या दोन आमदारांनी कोर्टात धाव घेतली. २०१७ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. त्या वर्षापासूनच्या अर्जांची कागदपत्रं शहराने साठवणं बंद केलं. २०१९ मध्ये कार्डात पैसे भरण्याची चिप बसवायचा बेत होता. व्यवहारांचा माग काढला जाईल म्हणून स्थलांतरितांच्या संघटनांनीच विरोध केला आणि तो बारगळला.

कार्ड घेणाऱ्या लहान संस्थांबद्दलचा ‘क्रेडिट युनियनमध्ये पैसे सुरक्षित नसतात’ हा गैरसमज एका वाक्यात निकालात निघतो: केंद्राचा विमा असलेल्या क्रेडिट युनियनमधल्या ठेवींना बँकेइतकंच, अडीच लाख डॉलरपर्यंत संरक्षण आहे.

आणि हे कार्ड फक्त शहराच्या पाच बरोमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. न्यू जर्सीत राहून मॅनहॅटनला नोकरीला येणाऱ्यांना ते मिळत नाही. तिथल्या न्यूअर्कसारख्या शहराने २०१५ मध्ये स्वतःचं वेगळं कार्ड काढलं. कार्ड घेऊन बँकेच्या शाखेत जाण्याआधी फोन करून नेमका प्रश्न विचारा: ‘मुख्य ओळखपत्र म्हणून घेता की जोडीला?’ नकार आलाच, तर तो कायद्याचा की बँकेच्या धोरणाचा, हेही तिथेच विचारून घ्या.