सुपरचार्जर मोटारीच्या इंटरकूलरमधील शीतकद्रव व हवेचे बुडबुडे : दोषनिदानाची एक पद्धती

प्रस्तावना

कूलंटच्या टाकीत बुडबुडे दिसले की 'यंत्रणेत हवा राहिली आहे, ती काढून टाका' असे निदान सर्रास केले जाते. अनेकदा ते बरोबरही ठरते. परंतु हवा काढल्यानंतरही बुडबुडे पुन्हा दिसू लागले, तर तोच उपाय दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा करण्यात वेळ, पैसा आणि प्रसंगी संपूर्ण इंजिन गमावण्याचा धोका असतो. बुडबुडा ही केवळ एक खूण आहे. तो केव्हा उठतो याचे नीट निरीक्षण केले, तर तो कोठून येतो हे बहुतांशी कळू शकते, हे प्रस्तुत लेखाचे प्रमुख सूत्र आहे.

या लेखाला एक प्रत्यक्ष अनुभव कारणीभूत आहे. यवतमाळ शहरालगतच्या लोहारा येथे एका आप्तांकडे सुपरचार्जर असलेली जुनी, परदेशी बनावटीची मोटार आहे. एका मे महिन्यात तिच्या इंटरकूलरच्या टाकीत बुडबुडे दिसू लागले. एका गॅरेजमध्ये तिचा पाण्याचा पंप दोनदा बदलला गेला. प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक असल्याने त्यालाही सल्ला विचारण्यात आला, आणि त्यानेही कूलंट पुन्हा एकदा नीट भरण्याचाच सल्ला दिला. तो सल्ला चुकीचा होता. तो का चुकला याची मीमांसा पुढे येईलच.

यंत्रणेचे स्वरूप

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबली तर अधिक इंधन जाळता येते व अधिक शक्ती मिळते. सुपरचार्जर म्हणजेच अतिभरक हे काम करतो. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, तर टर्बोचार्जर निष्कास वायूच्या वेगावर फिरतो. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेला हवा ढकलणारा ब्लोअर हा आजच्या एका प्रकारच्या सुपरचार्जरचा पूर्वज होय. टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याच्या १९०५ च्या पेटंटमध्ये आढळते.

हवा दाबली की ती तापते. यवतमाळच्या उन्हाळ्यातील ४५ अंश सेल्सिअसची हवा वातावरणाच्या १.६ पट दाबापर्यंत दाबली आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर गणिताने बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सुमारे ११५ अंश येते. हिवाळ्यातील २५ अंशांच्या हवेबाबत हाच आकडा सुमारे ९१ अंश येतो. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाबण्याचा काही लाभ वाया जातो. शिवाय अशा हवेमुळे पेट्रोल इंजिनात अवेळी स्फोट होऊन इंजिन ठोकू लागते. हा धोका टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि चालकाला गाडी 'ओढत नाही' असे जाणवते. ११५ अंशांची हवा ६० अंशांपर्यंत थंड केली, तर दाब तोच राहिल्यास तिची घनता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. हे थंड करण्याचे काम इंटरकूलरचे आहे.

ट्रक व बहुतेक डिझेल गाड्यांमध्ये इंटरकूलर बाहेरच्या हवेने थंड होतो. सुपरचार्जर असलेल्या अनेक मोटारींत, तसेच अलीकडच्या काही लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत तो द्रवाने थंड केला जातो. त्यासाठी इंजिनाच्या रेडिएटरहून वेगळा, कमी तापमानाचा एक परिपथ असतो. त्यात इंटरकूलरचा गाभा, पुढच्या बाजूचा छोटा रेडिएटर, विजेचा पंप, टाकी व होजपाइप एवढे घटक येतात. ही रचना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली स्पिटफायर विमानाच्या नव्या आवृत्तीत आलेल्या रोल्स-रॉइस मर्लिन ६१ या इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर होता आणि त्यातील दाबलेली हवा थंड करण्यासाठी स्वतंत्र द्रवपरिपथ होता.

हवेमुळे नेमके काय बिघडते?

दर सेकंदाला ०.१ किलोग्रॅम हवा ५५ अंशांनी थंड करावयाची तर सुमारे ५.५ किलोवॅट उष्णता काढून न्यावी लागते. घरगुती गीझर साधारणतः २ किलोवॅटचा असतो हे लक्षात घेतले, तर या छोट्या परिपथावरील भार ध्यानात येतो. पंप मिनिटाला १५ लिटर कूलंट फिरवत असेल तर एवढी उष्णता घेताना कूलंट सुमारे ६ अंशांनी तापते. प्रवाह ५ लिटरवर आला तर तेवढ्याच उष्णतेसाठी ते १८ अंशांनी तापावे लागेल. प्रत्यक्षात अशा स्थितीत हवा पुरेशी थंड होत नाही.

प्रवाह कमी करण्याचे काम अडकलेली हवा करते. आपल्या भागातील कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगण्याची गरज नाही. फूटव्हॉल्व्ह गळका असला की विहिरीवरचा मोटरपंप हवा धरतो, इम्पेलर फिरत राहतो, पण पाणी चढत नाही. केंद्रोत्सारी पंप द्रवाला बाहेर फेकून दाब निर्माण करतो. हवेची घनता अत्यल्प असल्याने इम्पेलरच्या मध्यभागी हवा साचली की पुरेसा दाब निर्माणच होत नाही. इंटरकूलरचा पंप त्याच जातीचा, परंतु कितीतरी दुबळा असतो. ठिबक सिंचनाच्या मुख्य नळीवर उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात, त्याचेही कारण हेच की हवा उंचवट्यावर जमून प्रवाह अडवते. अनेक मोटारींत इंटरकूलरचा गाभा इंजिनाच्या माथ्यावर असतो व तोच परिपथातील सर्वांत उंच भाग ठरतो. म्हणजे जेथे द्रवाची सर्वाधिक गरज, नेमकी तेथेच हवा जमते. त्यातच हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

येथे आणखी एक दुष्टचक्र सुरू होते. गाभ्यातील कूलंट थांबले की ते येणाऱ्या तप्त हवेच्या तापमानाकडे चढू लागते. यवतमाळची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर असल्याने येथे साधे पाणी उघड्यावर ९८.५ अंशांच्या आसपास उकळते. अडकलेल्या हवेमुळे वाफ तयार होते आणि वाफ प्रवाह आणखी रोखते.

बुडबुड्यांची वेळ आणि त्यांचा उगम

निदानासाठी पुढील पाच अवस्थांचा विचार करावा.

१) कूलंट भरल्यानंतर पंप सुरू करताच मोठे बुडबुडे येतात आणि उत्तरोत्तर कमी होतात. ही भरताना अडकलेली हवा होय. पातळी थोडी उतरते, पुन्हा भरली की स्थिर राहते.

२) भरल्यानंतरच्या पहिल्या काही फेऱ्यांत, कूलंट तापल्यावर अतिशय बारीक बुडबुडे दिसतात. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे १९ मिलिलिटर हवा विरघळलेली असते व पाणी तापले की तिचा काही भाग बाहेर पडतो. हे बुडबुडे निरुपद्रवी असून काही दिवसांत थांबतात.

३) पंप चालू असेपर्यंत बारीक बुडबुडे अखंड येतात, कूलंट दुधाळ दिसते आणि इंजिन बंद ठेवून केवळ पंप चालवला तरी फरक पडत नाही. अशा वेळी पंपाच्या ओढीच्या बाजूने हवा आत येत असते. त्या बाजूला दाब वातावरणापेक्षा कमी होऊ शकतो, त्यामुळे चालू स्थितीत थेंबही बाहेर पडत नाही आणि गळती नजरेस येत नाही. क्लिप, जोड व पंपाचे सील तपासावे. टाकीतील पातळी कमी असल्यास भोवरा होऊनही हवा ओढली जाते.

४) इंजिन नुसते चालू असताना काहीच दिसत नाही, परंतु भरल्या गाडीने चढ चढून आल्यावर होजपाइप कडक लागतो, टाकीतील पातळी वर आलेली असते व बुडबुडे उठतात. सुपरचार्जरचा दाब भार असतानाच निर्माण होतो. म्हणून येथे इंटरकूलरच्या गाभ्याला चीर असून दाबलेली हवा कूलंटमध्ये शिरत असल्याचा प्रबळ संशय घ्यावा.

५) काही गाड्यांत हा परिपथ इंजिनाच्या मुख्य शीतन यंत्रणेशी जोडलेला असतो. तेथे बुडबुडे थंड इंजिन सुरू होताच येऊ लागले व थांबलेच नाहीत, तर हेडच्या गॅस्केटमधून ज्वलनाचे वायू येत असण्याची शक्यता असते. टाकीतील हवा निळ्या सूचक द्रवातून ओढली असता तो पिवळा पडला, तर कार्बन डायऑक्साइडची, म्हणजेच ज्वलनवायूची खात्री पटते. परिपथ पूर्णपणे स्वतंत्र असल्यास या कारणाचा विचार करण्याचे प्रयोजन नाही.

लोहाऱ्याच्या मोटारीत चौथी अवस्था होती. प्रस्तुत लेखकाने उभ्या गाडीत टाकी पाहिली, बुडबुडे थोडेच होते, आणि त्याने ती पहिली अवस्था मानली. गाडीच्या मालकांनी एक गोष्ट वारंवार सांगितली होती की, रात्रभरात पातळी उतरते, पण फरशीवर डाग पडत नाही. या वाक्याकडे दुर्लक्ष झाले. ज्या चिरेतून भाराखाली हवा कूलंटमध्ये जाते, त्याच चिरेतून इंजिन बंद असताना कूलंट हवेच्या मार्गात उतरते. ते सिलिंडरमध्ये साचले आणि सकाळी इंजिन फिरवले, तर द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पंपाची किंमत त्यापुढे काहीच नाही.

अखेर गाभा बाहेर काढण्यात आला. हवेच्या बाजूची तोंडे बंद करून त्यात नियंत्रित दाबाची हवा भरली आणि तो पाण्यात बुडवला. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याची हीच रीत आहे. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ उठली. गाभा बदलल्यावर पातळी स्थिर राहिली. चाचणीचा दाब सुपरचार्जरच्या नेहमीच्या दाबाएवढाच ठेवावा, एवढी दक्षता आवश्यक आहे.

कूलंट भरण्याची रीत

गळती नाही याची खात्री झाल्यावरच भरण्याकडे वळावे. इंजिन पूर्ण थंड असावे. तापलेल्या टाकीचे झाकण कदापि उघडू नये. गाडीचा पुढचा भाग उतारावर किंवा रॅम्पवर उंच ठेवावा, जेणेकरून टाकी सर्वांत उंच राहील. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून संथ धारेने भरावे व अखंड द्रव येऊ लागला की बंद करावा. नंतर इंजिन न चालवता केवळ पंप थोडा वेळ चालवावा, थांबवावा आणि पुन्हा चालवावा. थांबण्याच्या काळात बुडबुडे वर सरकतात. होजपाइप हाताने दाबल्यासही मदत होते.

निर्वात पद्धती याहून खात्रीची आहे. परिपथातील हवा उपकरणाने ओढून घ्यावी व दाबमापकाचा काटा १० मिनिटे स्थिर राहतो का हे पाहावे. राहिला तर परिपथ सहसा गळका नाही असे समजावे, आणि त्याच निर्वाताने कूलंट आत ओढू द्यावे. तथापि, फक्त भाराखाली उघडणारी चीर या परीक्षेत निसटू शकते, हे विसरू नये.

शेवटी गाभ्याच्या दोन्ही होजपाइपांचे तापमान भाराखालील फेरीनंतर मोजावे. फरक थोड्या अंशांचा असेल तर प्रवाह ठीक आहे. एक पाइप तप्त व दुसरा जवळजवळ थंड असेल, तर हवा अद्याप अडकलेली आहे अथवा पंप निकामी आहे.

पाण्याचा प्रश्न

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि टाकीत बोअरवेलचे पाणी ओतले जाते. जिल्ह्यातील भूजल बहुधा जड असते. त्यातील क्षार तापलेल्या भिंतीवर बसून गाभ्याच्या अरुंद वाटा चोंदतात, आणि गंजरोधक द्रव्यांच्या अभावी ॲल्युमिनियम झिजून चिरा पडतात. निम्मे इथिलीन ग्लायकॉल व निम्मे शुद्ध पाणी यांचे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते. मात्र त्याची उष्णता धारण करण्याची क्षमता पाण्यापेक्षा १५ ते २० टक्क्यांनी कमी असते. म्हणून 'जास्त घट्ट तेवढे चांगले' हा समजही चुकीचा आहे. उत्पादकाने सांगितलेले प्रमाण पाळावे, ऊर्ध्वपातित पाणी वापरावे आणि भिन्न रसायनांची कूलंटे मिसळू नयेत, कारण काही मिश्रणांत चिकट साका तयार होतो. ग्लायकॉल विषारी व चवीला गोड असते. सांडलेले कूलंट जनावरांच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्यावी.

निष्कर्ष

१) बुडबुडे दिसताच हवा काढण्यापूर्वी ते केव्हा येतात व केव्हा थांबतात याची नोंद करावी.
२) एकदा रीतसर भरल्यावर बुडबुडे परत आले, तर तीच कृती पुन्हा न करता हवेचा उगम शोधावा.
३) बाहेर डाग न पडता पातळी उतरत असल्यास इंटरकूलरच्या गाभ्याची चाचणी होईपर्यंत इंजिन सुरू करू नये.
४) उष्ण प्रदेशात कूलंटचे महत्त्व कमी नसून अधिकच आहे.

वायूचे नियम, उष्णतेचे वहन व द्रवांचे प्रवाह हे विषय पदवीच्या वर्गात आपण स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवतो. एका छोट्या टाकीतील बुडबुडा ही सर्व प्रकरणे एकत्र आणतो. त्या दृष्टीने हे उदाहरण वर्गात उपयुक्त ठरावे. गाडीच्या मालकांचे साधे निरीक्षण अध्यापकाच्या तयार निदानापेक्षा अचूक होते, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.