घरातली मांजरं भांडतात तेव्हा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा करताना एका ताईंच्या हाताकडं लक्ष गेलं. मनगटापर्यंत ओरखडे आणि अंगठ्याजवळ दातांच्या दोन खुणा. वर हळद दाबलेली. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, दोन मांजरं भांडत होती, सोडवायला गेले." तीन दिवस झाले होते, इंजेक्शन घेतलंच नव्हतं. मग पासबुकं बाजूला ठेवली आणि आधी आरोग्य केंद्र गाठलं. म्हणून या अंकात मांजरांविषयी.

आपल्याकडं मांजर नुसत्या हौसेचं नसतं. धान्याला उंदीर लागू नये म्हणून आपण ते ठेवतो. मग एकाची तीन कधी होतात, कळतही नाही. आणि भांडणं सुरू होतात.

का भांडतात?

मांजर एकटं शिकार करतं आणि एकटं खातं. आपली जागा त्याला प्यारी असते. एकाच ताटलीत दूध ओतलं की आपल्याला वाटतं मिळून पितील, पण दुबळ्याला नेहमी मागं सरावं लागतं.

बोके मादीसाठी आणि हद्दीसाठी भांडतात. व्यालेली मांजरी पिल्लांजवळ कुणाला फिरकू देत नाही. कधी राग असतो बाहेरच्या बोक्यावर आणि निघतो घरातल्या मांजरावर. आपल्या माणसांतही असं होतंच की!

घरात काय करायचं?

१. प्रत्येक मांजराला वेगळी ताटली द्या. एक चुलीजवळ, एक पडवीत. खाताना एकमेकांचं तोंड दिसू नये.

२. बसायला-लपायला वेगळ्या जागा ठेवा. एखादी फळी, माळ्याचा कोपरा, पोतं अंथरलेलं खोकं. उंचावर जाता आलं तर दुबळं मांजर सुटून जातं.

३. घरातच ठेवत असाल तर घाणीसाठी माती किंवा वाळूची घमेली ठेवा. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक जास्त. घाण रोज काढा. गरोदर बाईनं मात्र हे काम करू नये, मांजराच्या विष्ठेतून पोटातल्या बाळाला अपाय होईल असा आजार लागू शकतो.

४. नवीन मांजर आणलं तर लगेच जुन्यासमोर सोडू नका. काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. एकाच्या अंगाखालचं फडकं दुसऱ्याच्या जागेत ठेवा, म्हणजे वास ओळखीचा होतो. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना खायला द्या. फिस्कारणं थांबलं की थोडा थोडा वेळ समोर आणा. नवी सून घरात रुळायला वेळ लागतो, मांजराचंही तसंच.

५. नसबंदी करून घ्या. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते. नसबंदीनं पिल्लावळ थांबते, बोक्याची भांडणं आणि भटकणंही कमी होतं. ही सोय कुठं आहे ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

भांडण जुंपलंच तर?

मध्ये हात घालू नका. मुलांनाही जवळ जाऊ देऊ नका. ताट वाजवा, पाणी शिंपडा किंवा दोघांच्या मध्ये पुठ्ठा, सूप सरकवा. मारू नका. मार खाल्लेलं मांजर आणखी बिथरतं. नंतर लगेच उचलूनही घेऊ नका, दोघांना वेगळं करून शांत होऊ द्या.

मांजराला चावा बसला असेल तर बघा. दाताचं भोक बारीक असतं, वरून बुजतं आणि आत पू होतो. सूज दिसली किंवा खाणं सुटलं तर दवाखान्यात न्या. आपली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, मांजराला ती विष आहे. आणि गरीब मांजर एकाएकी चिडकं झालं तर त्याला दुखत असेल, हेही लक्षात घ्या.

तुम्हाला चावलं किंवा ओरबाडलं तर

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. रेबीज कुत्र्यापासूनच होतो असं नाही, मांजरापासूनही होतो. तो एकदा झाला की माणूस वाचत नाही. लस मात्र वेळेत घेतली तर वाचवते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. कार्डावर लिहिलेले सगळे डोस पूर्ण करा, एक-दोन घेऊन थांबू नका. उशीर झाला असला तरी जा. "घरचंच मांजर आहे" म्हणून बसू नका.

त्या ताईंचे डोस सुरू आहेत. घरी आता दोन ताटल्या आहेत, एक चुलीपाशी आणि एक गोठ्यात. भांडणं पूर्ण थांबली नाहीत, पण कमी झाली, असं त्या सांगतात.

पुढच्या बैठकीत हप्ता भरून झाला की शेजारी बसलेल्या ताईला एवढं विचारा, "तुझ्याकडं मांजरं किती? आणि ताटल्या किती?"

तुमची,
क्षेत्र समन्वयक