आपलेच लिखाण, दुसऱ्याचे कुलूप

२००६ साली आमच्या वस्तीतील मंडळाने एक स्मरणिका काढली होती. धम्मदीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याचे निमित्त होते. वस्तीतील अकरा वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी त्यात घेतल्या होत्या. मी तेव्हा नुकतीच वकिलीची सनद घेतली होती. दिवसा कोर्ट आणि रात्री वही घेऊन एकेका घरी जायचे, असे चार महिने चालले. कोणी गिरणीतले दिवस सांगितले, कोणी गावकीची कामे नाकारून गाव कसे सोडले ते सांगितले. पाचशे प्रती छापल्या, कार्यक्रमात वाटल्या आणि संपल्या. आज त्या अकरा जणांपैकी एकही हयात नाही.

मागच्या वर्षी मंडळातील तरुणांनी ठरवले की स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायची. बैठकीत एकजण म्हणाला, "सीडी आहे ना वकीलसाहेबांकडे, मग काळजी कसली?" सीडी होती. जपूनही ठेवली होती. संगणकात घातली, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि चिन्हांचा नुसता चिखल दिसू लागला. अकरा माणसांचे आयुष्य समोर होते, पण त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते.

ज्या डीटीपीवाल्या मित्राने ही स्मरणिका जुळवली होती, त्याच्याकडे गेलो. त्याने कपाटातून बोटभर लांबीची एक डबी काढून दाखवली. म्हणाला, "हे त्याचं कुलूप. संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागेत लावायचं. हे असेल तरच फॉन्ट चालायचे. आता तशी जागा असलेला संगणकच मिळत नाही." त्या काळी हे मराठी सॉफ्टवेअर त्याने कर्ज काढून, पावतीसह विकत घेतले होते. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळाले की जुनी आवृत्ती बंद झाली आहे, नवी विकत घ्या. जुन्या फाइली नव्या आवृत्तीत नीट उघडतील याची हमी मात्र ते देणार नाहीत.

वाचकहो, प्रश्न इथेच सुरू होतो. शब्द त्या वृद्धांचे, लिखाण आमचे, सीडी आमची, सॉफ्टवेअरचे पैसे माझ्या मित्राने मोजलेले. मग कुलपाची किल्ली तिसऱ्याच्याच हाती का?

ही काही केवळ आमच्या मंडळाची अडचण नाही. महाराष्ट्रात संगणकावर मराठी छपाई सुरू झाली तेव्हापासून पुढची वीसेक वर्षे निघालेली नियतकालिके, पत्रके, पुस्तिका, अधिवेशनांचे अहवाल यांचे फार मोठे भांडार अशाच फाइलींत पडलेले आहे. याचे कारण समजून घेतले पाहिजे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर समजायचे हे आधी ठरवावे लागते. त्या काळी प्रत्येक कंपनीने आपापला तक्ता केला. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली. एका कंपनीचा 'क' दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये भलतेच काही व्हायचा. एकदा एका कंपनीकडे गेलेला माणूस जन्मभर तिच्याच दाराशी बांधला गेला.

सर्वांसाठी एक मानक नव्हतेच, असेही नाही. भारतीय भाषांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने प्रसिद्ध केले. जगातल्या सर्व लिप्यांसाठी असलेल्या युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. विंडोज २००० पासून युनिकोडमधली देवनागरी सर्वसाधारण संगणकावर दिसू लागली. तरीही आमची स्मरणिका २००६ साली कुलपाच्या फॉन्टमध्येच जुळवली गेली. कारण छापखान्याचे सगळे काम त्यावरच चालत होते आणि आम्हाला कोणी सांगितले नव्हते. अज्ञानाची किंमत नंतर चुकवावी लागते, ती आम्ही चुकवली.

'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याचे पान आज समोर ठेवले तर शाळेतले पोरही डोळ्यांनी वाचू शकते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आणि २००६ ची फाइल वीस वर्षे होत नाहीत तोच मुकी होते! याला प्रगती म्हणायचे की परावलंबन?

पावलोपावली असेच अनुभव येतात. प्रिंटरमध्ये दुसऱ्या कंपनीची स्वस्त शाईची डबी घातली की काही प्रिंटर छपाईच नाकारतात, कारण डबीवर चिप बसवलेली असते आणि ती आपल्याच मालकाला ओळखते. फोनचा पडदा बाहेरच्या कारागिराकडून बदलला की काही फोन सूचना देत राहतात. पूर्वी एकदा विकत घेतलेले सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे चालायचे. अडोबी कंपनीने २०१३ साली आपल्या नव्या आवृत्त्यांसाठी वर्गणीची पद्धत आणली. वर्गणी थांबली की काम थांबले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला. विंडोज ११ साठी सुरक्षेची ठराविक चिप आणि त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून चांगले चालणारे असंख्य संगणक कंपनीच्या कागदावर एका दिवसात जुने झाले. अभ्यासिकेत देणगीतून आलेला संगणक बहुधा त्याच यादीतला असतो.

कंपन्या हे सगळे तुमच्या सुरक्षेसाठी आहे असे म्हणतात. काही बाबतींत ते खरेही आहे. पण दोन घटना ध्यानात ठेवाव्यात. २००५ साली सोनी बीएमजी कंपनीच्या गाण्यांच्या काही सीडी संगणकात घातल्या की नक्कल रोखणारे सॉफ्टवेअर गुपचूप आत शिरून लपून बसायचे आणि त्यामुळे संगणक असुरक्षित व्हायचा. बोभाटा झाल्यावर कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. २००९ साली अमेझॉनने वाचकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पण घरात येऊन कपाटातले पुस्तक उचलून नेण्याचा अधिकार विक्रेत्याला असू शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले.

हा अधिकार त्यांना देतो कोण? आपणच देतो. सॉफ्टवेअर सुरू करताना लांबलचक मजकूर येतो आणि खाली 'मला मान्य आहे' असे लिहिलेले असते. आपण न वाचता बोट दाबतो. त्या मजकुरात बहुतेक वेळा लिहिलेले असते की ही वस्तू तुम्हाला विकलेली नाही, वापरण्याचा केवळ परवाना दिलेला आहे. सावकाराच्या कोऱ्या कागदावर आपल्या आजोबांनी अंगठा दिला, कारण त्यांना वाचता येत नव्हते. आपण पदवीधर होऊनही अंगठाच देतो. फरक इतकाच की आता शाई लागत नाही.

पण वकील म्हणून मला सांगितले पाहिजे की कायदा याबाबत अगदीच हतबल नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रजो नाथ गांगुली या खटल्यात सांगितले की दोन पक्षांच्या ताकदीत मोठी तफावत असेल आणि दुबळ्याला ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून पर्याय नसेल, तर अशा करारातील अन्यायकारक अट न्यायालय मानणार नाही. तो खटला नोकरीच्या कराराचा होता, पण त्यातले तत्त्व व्यापक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तर 'अनुचित करार' ही स्वतंत्र व्याख्याच आली. ग्राहकावर अवाजवी अट लादणारा किंवा वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारा करार त्यात मोडतो.

मात्र इथे एक मेख आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. चार-पाच हजारांच्या सॉफ्टवेअरसाठी गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा माणूस राज्य आयोगाची पायरी कशी चढणार? ही तरतूद बदलण्याची मागणी व्हायला हवी. तोपर्यंत सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा या कारणांवर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. आणि माझ्या डीटीपीवाल्या मित्रासारखा माणूस, जो स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र घेतो, तो कायद्याने ग्राहकच आहे. "तुम्ही धंदेवाले, तुमची तक्रार चालणार नाही" असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नका.

दुसरा प्रश्न, आपलीच फाइल उघडण्यासाठी कुलूप तोडले तर गुन्हा होतो का? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आले. संरक्षणाची तांत्रिक तजवीज तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ती केव्हा? कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असेल तेव्हा. कायद्याने मना न केलेल्या कामाला हे कलम आड येत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. असे काम दुसऱ्याला करून देणाऱ्याने मात्र त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची आहे. कलम ५२ प्रमाणे कायदेशीर सॉफ्टवेअर घेणाऱ्याला राखीव प्रत करता येते. आमचा मजकूर आमचा होता, त्यामुळे त्याचे रूपांतर करायला आम्हाला कोणाला घाबरण्याचे कारण नव्हते.

याचा अर्थ चोरीचे सॉफ्टवेअर वापरावे असा नाही. आपल्या अनेक कार्यालयांत, अभ्यासिकांत नक्कल केलेले सॉफ्टवेअर चालते आणि ते फुकट मिळाले असे आपण समजतो. कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे गुन्हा आहे. धंद्यासाठी वापर असेल तर किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजारांचा दंड आहे. शिवाय नक्कल वापरणारा माणूस त्याच कंपनीच्या सवयीत अडकतो, आणि तक्रार करायला तोंडही उरत नाही. गुलामी फुकट मिळाली म्हणून ती गुलामी राहत नाही काय?

पर्याय आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाला प्रयोगशाळेतला प्रिंटर दुरुस्त करायचा होता, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ आराखडा त्याला नाकारला गेला. त्या अनुभवातून पुढे १९८३ साली त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. वापरा, तपासा, बदला, इतरांना द्या, या चार मोकळिकांवर उभे असलेले सॉफ्टवेअर आज जगभर चालते. केरळच्या सरकारी शाळांनी तेच स्वीकारले आहे. लिब्रेऑफिसमध्ये मराठी चालते, पाने जुळवायला स्क्रायबस आहे, मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' फॉन्ट सर्वांना खुला आहे. यासाठी एक रुपया लागत नाही. लागते ती शिकण्याची तयारी.

म्हणून मंडळांना, अभ्यासिकांना, संपादकांना विनंती आहे. यापुढे प्रत्येक ओळ युनिकोडमध्येच टंकलिखित करून घ्या. छापखान्याकडून पीडीएफ आणि मजकुराची फाइल दोन्ही मागून घ्या आणि तशी अट आधीच ठरवा. जुन्या सीडी आजच उघडून पाहा, उद्या ते यंत्रही मिळणार नाही. काही खरेदी केले की पावती जपा. अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आमच्या स्मरणिकेचे पुढे काय झाले ते सांगतो. वस्तीतल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने जुन्या फॉन्टचा तक्ता शोधून रूपांतर केले. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असे, युनिकोडमध्ये नेमके उलट. त्यामुळे 'कर्म'चे 'कमर्' झाले, आणि कित्येक जोडाक्षरे गळून पडली. तीन मुलींनी सहा आठवडे बसून, हाती असलेल्या एकमेव छापील प्रतीशी ताडून ओळ न् ओळ दुरुस्त केली.

एक जागा मात्र राहिली आहे. एका आजीने आपले माहेरचे गाव सांगितले होते. तिथल्या पाणवठ्यावर तिने लहानपणी काय सोसले ते सांगितले होते. गावाच्या नावातले जोडाक्षर रूपांतरात गळाले आणि छापील प्रतीचा तेवढाच कोपरा वाळवीने खाल्ला आहे. माझ्या वह्या २००५ नंतरच्या कुठल्याशा घरबदलात गेल्या. तिच्या नातवंडांना त्या गावाचे नाव माहीत नाही. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही तिथे रिकामी जागा सोडली आहे.

पाचशे प्रती छापल्या होत्या. निळ्या मुखपृष्ठाची, चौसष्ट पानांची ती स्मरणिका कोणाच्या पेटीत असेल तर या दैनिकाच्या कार्यालयात कळवावे. त्या आजीचे गाव तिला परत द्यायचे आहे.