चादरीआडून ऐकताना

हार्मन या ऑडिओ कंपनीने साउंड युनायटेड घेतली, ही मे २०२५ मधली बातमी बहुतेकांनी अर्थपानाच्या तळाशी वाचली असेल. सौदा ३५ कोटी डॉलरचा. पण ज्यांच्या घरात सोफ्याच्या आधी स्पीकरची जागा ठरते, त्या जमातीत सुतकी कळा पसरली. बॉवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ ही सगळी दैवतं एका गाठोड्यात बांधून विकली गेली होती. विकणारी मॅसिमो ही कंपनी कसली, तर कोविडात आपण बोटाला लावायचो तसली ऑक्सिजन मोजणारी यंत्रं बनवणारी. तिने २०२२ मध्ये हेच गाठोडं शंभर कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतलं, तेव्हा तिचा शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून अधिक कोसळला होता. आता ते तिसऱ्या हिश्शाच्या किमतीला गेलं. रद्दीवालाही इतकी घासाघीस करत नाही.

त्याआधी सहाएक महिने बोसने मॅकिंटॉश घेतलीच होती. हार्मन तर २०१७ पासून सॅमसंगची. म्हणजे घरगुती हाय-फायचं बरंचसं गोत आता दोन-तीन मोठ्या घरांत नांदणार. ‘आता सगळ्यांचा आवाज सारखाच होणार’ ही हळहळ मला फारशी पटत नाही. मला हार्मनच्या या सौद्यात वेगळीच गंमत दिसते आणि तिच्यासाठी एका कॅनेडियन माणसाची ओळख करून द्यायला हवी.

फ्लॉइड टूल. ओटावाच्या सरकारी संशोधन परिषदेत १९६५ पासून पंचवीसेक वर्षं आणि पुढे हार्मनमध्ये या गृहस्थाने एकच काम केलं: स्पीकर पडद्याआड ठेवले, माणसं समोर बसवली आणि गुण द्यायला सांगितले. कुठला स्पीकर, किती किमतीचा, काही सांगायचं नाही. अपेक्षा अशी की ‘पसंद अपनी अपनी’ निघेल. निघालं उलटंच. कान ठीक असलेली माणसं आश्चर्य वाटावं इतकी एकमेकांशी सहमत होती. ज्या स्पीकरचा आवाज समोरून सपाट, म्हणजे कुठलाही सूर उगाच न फुगवता येतो, आणि बाजूंनीही तसाच गुळगुळीत पसरतो, तोच वर येई.

१९९४ मध्ये टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी हार्मनच्याच ४० कर्मचाऱ्यांवर हा प्रयोग दोनदा केला, एकदा पडदा लावून आणि एकदा काढून. पडदा होता तेव्हा एक छोटी, स्वस्त, प्लॅस्टिकची प्रणाली मोठ्या महागड्या स्पीकरांच्या जवळपास गुण मिळवत होती. पडदा निघाला आणि मोठ्या खोक्यांचे गुण चढले, बिचाऱ्या छोटीचे घसरले. आवाज तोच, खोली तीच. ही माणसं रोज याच धंद्यात वावरणारी होती, हे विसरू नका. पुढे कंपनीने कॅलिफोर्नियात अशी खोली बांधली, जिथे पडद्यामागे यंत्र स्पीकर काही सेकंदांत हलवून बरोबर एकाच जागी आणून ठेवतं, कारण जागेमुळेही आवाज बदलतो.

तर कान डोळ्यांना फितूर असतात हे जिने सिद्ध केलं, तिने विकत घेतलं काय? बॉवर्स अँड विल्किन्स! डोळ्यांनी ऐकायचा ब्रँड. १९९३ चा त्यांचा नॉटिलस पाहिला असेल तर कळेल: गोगलगायीच्या शंखासारखा छातीभर उंच स्पीकर, पाठीमागून निमुळत्या नळ्या निघालेल्या. त्या नळ्या शोभेच्या नाहीत. स्पीकरमधल्या थरथरणाऱ्या पडद्याच्या मागच्या बाजूचा आवाज त्यांत जिरून जातो. पण माणसं पहिल्यांदा भाळतात ती शंखावरच. खोटं कशाला बोला, मीही भाळलो होतो.

या कंपनीचा जन्मही फार लोभस आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या वर्दिंग गावात जॉन बॉवर्स रेडिओचं दुकान चालवायचे आणि मागच्या खोलीत हौसेने स्पीकर बांधायचे. मिस नाइट नावाच्या एका वृद्ध गिऱ्हाइकाला त्यांनी निवडून दिलेले स्पीकर इतके आवडले की तिने मृत्युपत्रात त्यांच्या नावे १०,००० पौंड ठेवले. त्या पैशावर १९६६ मध्ये कारखाना उभा राहिला. अॅबी रोड स्टुडिओत याच कंपनीचे ‘८०१’ स्पीकर पोचले ते त्यानंतर चौदाएक वर्षांनी. त्या बाईंनी ऐकताना वर चादर टाकली होती का, याची नोंद नाही.

आम्ही टाकली होती. ठाण्यातला माझा एक मित्र चाळीस वर्षं या नादात आहे. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून अॅम्प, म्हणजे अॅम्प्लिफायर, जोडणारा. गेल्या वर्षी त्याने निळ्या काट्यांचा एक अॅम्प घेतला. किंमत वहिनींना अजून ठाऊक नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. जुन्यापेक्षा याचा आवाज ‘मखमली’ आहे, असा त्याचा दावा. मी म्हटलं, लाव पैज.

हॉलच्या पडद्याच्या दांडीवर डबलबेडची चादर टांगली. पहिला तासभर मल्टिमीटर घेऊन बसलो. दोन आवाजांपैकी जो किंचितही मोठा असेल तो माणसाला ‘चांगला’ वाटतो, मोठा आहे हे कळतसुद्धा नाही. दुकानदार हे पक्कं जाणून असतात. म्हणून एक टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर दोन्ही अॅम्पचे व्होल्ट सारखे केले. मग वहिनी चादरीमागे. त्यांनी नाणं उडवायचं, त्याप्रमाणे वायरी बदलायच्या आणि बदलायच्या नसल्या तरी तेवढीच खुडबूड करायची. किशोरीताईंचा भूप लावला.

“वहिनी, बदललंत ना या वेळी?”

“सांगायचं नाही असं तुम्हीच ठरवलंत ना?”

वीस फेऱ्या झाल्या. मित्राने अकरा बरोबर ओळखल्या, मी नऊ. नाणं उडवूनही साधारण तेवढंच पदरात पडलं असतं. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी वहिनी चादरीमागून म्हणाल्या, “ते अॅम्पचं राहू दे, पण सोफ्यावर बसलं की तंबोरा घुमतो आणि इथे मधे उभं राहिलं की घुमत नाही, ते का?”

सबंध दुपारभरातला हा एकच कामाचा प्रश्न होता. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक खालचा सूर अडकून फुगतो आणि तो कुठला हे अंतरावर ठरतं. दहा फुटांच्या अंतरात साधारण ५६ हर्ट्झ, आठ फुटांच्या अंतरात ७०. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या आठ फुटी बेडरूमने नेमका खर्जच धरून ठेवला म्हणायचा. भिंतीला टेकून बसलात तर हा अडकलेला सूर सर्वांत जोरात येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. दहा बाय दहाची खोली, त्यात छतही तेवढंच उंच, तर तिन्ही बाजू एकाच सुराला धरतात. यावर कुठलीही सोन्याचा मुलामा दिलेली केबल चालत नाही. पुस्तकांनी भरलेलं कपाट, जाड गालिचा यांनी वरची खणखण मरते, पण खर्जापुढे तेही लंगडे. तिथे स्पीकर आणि खुर्ची सरकवणे हाच खरा उपाय, आणि तो फुकट आहे. फुकट असल्यामुळेच बहुधा शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

आम्ही स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, सोफाही दीड फूट पुढे घेतला. तंबोरा मोकळा झाला, हे चादर न टांगताही तिघांना ऐकू आलं. आता स्वयंपाकघरात जायला वाट उरलेली नाही, वहिनी ताट घेऊन आडव्या होऊन जातात.

निळ्या काट्यांचा अॅम्प त्याने विकला नाही. संध्याकाळी दिवे मालवले की ते काटे सुरासुराला उचलले जातात आणि परत खाली येतात. ते बघायला मीही महिन्यातून एकदा ठाण्याची लोकल पकडतो.